बरण्यांच्या ओट्याखालची चूल

प्रिय आईस, बोराचा नमस्कार.

मी वेळेवर जेवते. तुझा गुडघा कसा आहे?

आमच्या तुकडीला उत्खननासाठी आपलंच गाव मिळालं. आपल्याकडून बळकावलेल्या उतारावरच्या शेतात धाकट्या काकांना पाहुण्यांसाठी घरं बांधायची आहेत. त्याआधी जमिनीत जुने अवशेष आहेत का, ते तपासावं लागतं. खोदण्यापूर्वी काकांनी रीतीप्रमाणे तांदळाची दारू मातीवर ओतली आणि वाकून म्हणाले, "भूमिदेवा, काही निघू देऊ नकोस."

निघालं. तू सोयाबीन आंबवायचीस त्या बरण्या ज्या ओट्यावर त्यांनी फोडल्या, त्याच ओट्याखाली तीन हजार वर्षांपूर्वीचं घर आहे. काळ्या मातीचा चौकोन, मधे भाजून लाल झालेली चूल. मी त्याभोवती चुन्याची रेघ मारली, बोटभरही वाढवली नाही, आणि रेघेवरून दोरी बांधली. बांधकाम थांबलं.

"बोरा, तू घरचीच ना? बुजवून टाक की," काका म्हणाले.

बाबा गेल्यावर ते तुला म्हणाले होते, "वहिनी, कुंपणाच्या बाहेर व्हा."

मी म्हटलं, "काका, दोरीच्या बाहेर व्हा."

ते झाले.

वरच्या मातीत तुझ्या बरण्यांचे तुकडे सापडले. धुऊन ठेवलेत, येताना आणते. काकांना क्षमा कर, असं मात्र लिहू नकोस.

गुडघा शेकत जा.

तुझी,
बोरा