माझ्या नावाचं यंत्र

अगं धाकटे,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. मी कोण ते आठवतंय ना? मागच्या पत्रात माझ्या गुडघ्याची चौकशी दोनदा केलीस, म्हणून विचारते. गुडघा जागेवर आहे. तुझी पाठ कशी आहे ते कळव. (हे सूनबाई लिहितेय. ती मधेच हसते, अक्षर हललेलं दिसलं तर घाबरू नकोस.)

आता ऐक, मोठीच गंमत झाली! निवृत्त झाल्यापासून आमचे चिरंजीव तब्येतीवर पैसा कसा उडवतात ते तुला ठाऊकच आहे. आपण ताप आला की पांघरूण घेऊन पडलो, चष्मा मोडला की दोरा बांधला. हा न झालेल्या दुखण्यांच्या तपासण्या करून घेतो आणि सगळं ठीक निघालं की हिरमुसतो. मनगटावरचं घड्याळ त्याला 'उठा' म्हणतं आणि हा उठतो. (माझ्या सांगण्यावरून जन्मात उठला नाही.)

तर मी बहिरी झाले असं त्याने ठरवलं. तो माझ्याशी ओरडून बोलतो, म्हणून सून ओरडते, म्हणून दूधवालाही ओरडतो. शेवटी माझ्या नावावर सगळ्यात महागडं ऐकण्याचं यंत्र मागवून मला कानाच्या दवाखान्यात नेलं. आवाज आला की बटण दाबायचं. मी दाबतच सुटले! तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "आजी, कान छान आहेत की. बहिरं म्हणालं कोण?" मी लेकाकडे बोट दाखवलं. मग त्यालाही बसवलं. बटण आपलं गप्प!

अगं, ओरडत होता कारण त्यालाच ऐकू येत नव्हतं! यंत्र कानात घातल्यावर माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "आई, तुझा आवाज एवढा बारीक कधी झाला?" मी पदराने चष्मा पुसत बसले. (सूनबाई, हे लिहू नकोस. लिहिलंस? बरं, राहू दे.) आणि लगेच काढून ठेवलं! लोक म्हातारा म्हणतील म्हणे. साठी उलटल्यावर! नसलेल्या दुखण्यावर पाण्यासारखा पैसा, असलेल्यावर छदाम नाही. मी म्हटलं, "यंत्र माझ्या नावावर आहे ना? मग माझंच. मला घालायचा कंटाळा, तू घालून बघत जा, चालतं का ते." तेव्हापासून तो दिवसभर माझं यंत्र 'बघतोय'. घर कसं शांत झालंय!

तुझी ताई

ता. क. : तू राहायला येशील तेव्हा त्याच्यासमोर माझ्याशी ओरडूनच बोल. मी ठार बहिरी, यंत्र माझं. एवढं तरी विसरू नकोस, नाहीतर तो ते काढून ठेवेल आणि या बारीक आवाजात मी त्याला किती हाका मारू?

आणखी एक : डॉक्टरांनी बंद केलेले खारे शेंगदाणे मी इतके दिवस त्याच्या पाठीमागे बसून खाल्ले. काल कुडकूड ऐकून वळला. (सूनबाई, हे तू ऐकलं नाहीस.) तेव्हा आता शेंगदाणे नकोत. लोणचं पाठव, पण फोडी चांगल्या मुरलेल्या बघ, दाताखाली गप्प बसणाऱ्या.