कलम सहावे तसेच ठेवले आहे

मी, शिमोन सटवाजी खंदारे, वय वर्षे सत्तावीस, धर्म ख्रिस्ती, धंदा पाट्या रंगविणे, राहणार मौजे सोनखडी, तालुका पाथरी, जिल्हा परभणी, हा कागद आज रविवारी उपासना आटोपल्यावर स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्या डोक्यात बिघाड नाही. बिघाड हृदयाच्या झडपेत आहे आणि तिचा लिहिण्याशी संबंध नाही. मला कोणी काही पाजलेले नाही व धाकही घातलेला नाही. शिक्षण सातवी, तेही गणितात नापास. परंतु शुद्धलेखन प्रत्येक ओळ झाल्यावर तपासले आहे. उद्या सकाळच्या एसटीने मी मानवत रोडला व तेथून रेल्वेने मुंबईस शस्त्रक्रियेसाठी जाणार आहे. डॉक्टर म्हणाले, दहातले आठ परत येतात. उरलेल्या दोघांचा विचार करून हे लिहीत आहे.

कलम १. दिवाळीनंतर मी एक मृत्युपत्र केले होते, ते या कागदाने रद्द करीत आहे. त्यात राहते घर चतुराबाई मावशीला दिले होते आणि साक्षीदार म्हणून अंगठाही तिचाच घेतला होता. "तुझ्या जन्माला मीच साक्ष व्हते, याला बी मीच," असे म्हणून तिने अंगठा इतका दाबला की शाई मागच्या पानावर उतरली. पुढे पाथरीच्या कोर्टाबाहेर बसणारे अर्जनवीस पंडितराव यांची पाटी रंगवून झाल्यावर मी तो कागद त्यांना सहज दाखविला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकविला.

"शिमोन, तू ख्रिस्ती ना?"

"होय."

"मग म्हातारीला घराबाहेर कशाला काढलंस?"

त्यांनी समजावले ते असे. ख्रिस्ती माणसाच्या मृत्युपत्रावर जो साक्ष घालतो, त्याला त्या मृत्युपत्राने दिलेले काहीही मिळत नाही. कागद टिकतो, देणगी पडते. "हिंदूला हे लागू न्हाई, बौद्धाला न्हाई. तुमालाच हाय. इंग्रज जाताना तुमच्यासाठी ठेवून गेला," असे ते हसून म्हणाले. मी हसलो नाही. तो नियम त्यांच्याकडून तीन वेळा वाचून घेतला. मावशीचा अंगठा कोणत्याही कागदाला लागू नये म्हणून मी शाईची डबी तेव्हापासून खिशात बाळगतो.

कलम २. घर. ग्रामपंचायत मिळकत क्रमांक ४७, दोन खण, वर पत्रे, पुढे पडवी. उत्तरेस रस्ता. दक्षिणेस मंडळीचे, म्हणजे गावातल्या ख्रिस्ती घरांचे, प्रार्थनामंदिर. पश्चिमेस बाभळीचे झाड, जे कोणाचेच नाही. पूर्वेस बन्सीधरचे घर व मध्ये एक हात रुंदीची बोळ, जी साडेदहा वर्षांत दोन्हीकडच्या पुरुषांनी ओलांडलेली नाही. बायका ओलांडतात. बन्सीधरच्या आईच्या, बायनाबाईंच्या मिरच्या आमच्या पत्र्यावर वाळतात आणि आमचे मीठ त्यांच्या चुलीवर असते.

हे घर माझ्यामागे चतुराबाई मावशीस मिळावे. ती नात्याने कोणी नाही. दिराने तिचे घर घेतल्यापासून ती आमच्या पडवीत राहते. मी अविवाहित आहे, आईवडील वारले, भावंड नाही. कागद पडला तर घर कायद्याने चुलतभाऊ भगवानराव यांचे होईल, आणि त्यांनी पडवीत पिठाची गिरणी घालायचे माप आधीच घेऊन ठेवले आहे. मावशीने त्या वेळी मापाच्या फितीचे दुसरे टोक धरले होते. "धरायला माणूस नव्हता," असे ती म्हणाली.

कलम ३. मावशीलाच का, हे नंतर कोणी विचारू नये म्हणून लिहून ठेवतो.

सन १९७८ साली, नामांतराच्या दंगलीच्या दिवसांत, दिवे लागायच्या वेळेला आमच्या गावावरही जमाव आला. मंडळीची चौदा घरे मंदिरात जमली. जमावाला आमच्यात आणि बौद्धवाड्यात फरक दिसणार नाही ही भीती होती आणि ती खोटी नव्हती. पंचांनी आतून कडी घालायला सांगितले. कडीला कुलूप वडिलांच्या हाताने लागले. इतरांचे इतरांनी लिहावे, मी वडिलांचे व माझे लिहितो. थोड्या वेळाने दार वाजले. पाऊस मोठा होता. तरी मला ऐकू आले.

"शिमोन, मी हाय रं. आईला तरी घे आत."

तो बन्सीधर होता. घर बौद्धांचे, तरी रविवारी मंदिरात माझ्याशेजारी बसून गाणी म्हणणारा. मी सोळा वर्षांचा होतो आणि दाराजवळ होतो. आवाज ओळखला. बोललो नाही.

चतुराबाई मावशी त्या दिवशी मंदिरात नव्हती, कारण तिला आत घेतले जात नव्हते. आदल्या वर्षी मुलगा तापाने फणफणला असता तिने दर्ग्यात धागा बांधला होता, म्हणून पंचांनी तिला प्रभुभोजनाच्या मेजाबाहेर, म्हणजे मंदिराबाहेरच, ठेवले होते. मुलगाही राहिला नाही. तिने बन्सीधरच्या घरची सात माणसे आपल्या एका खोलीत घेतली आणि दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला, जसा घरात देवी-गोवर आल्यावर बांधतात. जमाव दाराशी आला. ती उंबऱ्यात बसून राहिली. "पोराला गोवर हाय बाबा, लांबून बोला," म्हणाली. जमाव लांबून गेला. त्या घरात पोर नाही हे गावातल्या कोणालाही ठाऊक होते. पण ते सांगायला त्यांच्यात गावचा कोणी नसावा, किंवा असून गप्प राहिला असावा. तसे असेल तर देव त्याचे भले करो.

नंतर पंचांत कोणीतरी म्हणाले, बाई खोटे बोलली. मावशी म्हणाली, "मग अजून सहा महिने मेजाबाहेर ठेवा. मला सवय हाय."

तेव्हापासून चौदांतली दहा घरे हळूहळू यायची थांबली. तरुण मुले पारावर म्हणतात, "मंडळीत काय ठेवलंय? कडी न् कुलूप." यात खोटे नाही म्हणून मी उत्तर देत नाही. पण मंदिर रोज झाडलेले असते आणि ते मावशी झाडते. मी एकदा तिला विचारले, त्यांनी तुला बाहेर ठेवले, तू का झाडतेस? ती म्हणाली, "दार माणसानं लावलं. केर काय माणूस बघून पडतो का?"

वडील शेवटी अंथरुणाला खिळले तेव्हा मंडळीतले कोणी फारसे आले नाही. मावशी दोन्ही वेळा पेज घेऊन यायची. वडील भिंतीकडे तोंड करायचे. आठ दिवस ती काही बोलली नाही. नवव्या दिवशी म्हणाली, "सटवाजीभाऊ, तोंड इकडं करा, पेज सांडायली." त्यांनी तोंड इकडे केले. पुढे तीन आठवडे ते तिच्याच हातून जेवले. या घराची किंमत म्हणून एवढे पुरेसे आहे असे मला वाटते.

कलम ४. ते कुलूप. अलीगढी, पितळी, किल्लीसह. वडील ते विहिरीत टाकायला निघाले होते, मी काढून घेतले, कारण कुलूप चांगले आहे. वडील गेल्यापासून मंदिराला कुलूप लावलेले नाही आणि पुढेही लावू नये. एवढ्या काळात एकच सतरंजी गेली. बौद्धवाड्यातले लग्न आटोपल्यावर ती परत आली, धुतलेली. सदर कुलूप मावशीच्या कोंबड्यांच्या खुराड्याला लावावे. तेथे मांजर येते.

कलम ५. भगवानराव यांस वडिलांचा काळा कोट द्यावा. तो त्यांनीच वडिलांना दिला होता व पुढे चारचौघांत तीन वेळा बोलून दाखविला होता. बटणे सर्व आहेत. त्यांच्याविषयी माझ्या मनात राग होता. तो कोणाला देता येत नाही, म्हणून मी तो या कलमात संपवीत आहे. गिरणी त्यांनी स्टँडजवळ घालावी, तेथे गिऱ्हाईक जास्त आहे. पाटी मी फुकट रंगवून देईन. (परत आलो तर.)

कलम ६. धंद्याचे सामान. चपटे ब्रश नऊ, खारीच्या केसांचे बारीक ब्रश चार, हात टेकवायची काठी, खडूची दोरी, शिडी, सायकल, रंगाचे डबे व पाथरीच्या स्टँडमागे बसायची जागा, हे सर्व बन्सीधर यास मिळावे. त्याला काम नाही. नामांतराच्या मोर्चात जेलमध्ये जाऊन आल्यावर त्याला कोणी काम दिले नाही. गेल्या जयंतीला विद्यापीठासाठी मागितलेल्या नव्या नावाची पाटी करायची होती. पोरे माझ्याकडे येणार होती. बन्सीधर म्हणाला, "कडीवाल्या पेंटरकडून नको," आणि स्वतः रंगवायला बसला. त्याने रंगात टर्पेंटाइन जास्त घातले, त्यामुळे अक्षरे ओघळली. पण मी दुसऱ्या दिवशी कोणी नसताना ती पाटी जवळून पाहिली. त्याच्या अक्षराचे वळण माझ्यापेक्षा मोकळे आहे. मी पट्टीने मोजून लिहितो, तो नुसत्या डोळ्याने लिहितो. टर्पेंटाइनचे प्रमाण डब्याच्या झाकणावर लिहून ठेवले आहे.

कलम ७. आश्रुबा गुरुजी यांना मी मुद्दाम काही देत नाही. ते आमच्या शाळेचे निवृत्त शिक्षक, हल्ली उपासना तेच चालवितात, आणि आज पहिले साक्षीदार आहेत. माझे मनगटी घड्याळ त्यांना आवडते हे मला माहीत आहे. त्यांच्या पत्नी कुसुमबाई यांना स्टोव्ह द्यायचा होता, पण साक्षीदाराच्या बायकोलाही चालत नाही. दोघांनी माफ करावे. या कागदाची अंमलबजावणी मात्र गुरुजींनीच करावी. ते चालते, पंडितरावांना विचारले आहे.

कलम ८. माझ्या कबरेवरची पाटी रंगवून पलंगाखाली ठेवली आहे. फक्त तारखेची जागा मोकळी आहे. ती आधी खडूने आखून मग भरावी. घाईने भरू नये, आकडे तिरके जातात. पोस्टातली रक्कम दवाखान्याला लागेल. काही उरलीच तर मंदिराच्या दाराला रंग द्यावा.

येथे मसुदा संपत होता. पुढचे कलम त्यात नव्हते.

कलम ९. दुपारचे चार वाजले तरी दुसरा साक्षीदार मिळाला नव्हता. मंडळीत राहिलेल्या चार घरांपैकी एक माझे, एक गुरुजींचे, दोन भगवानरावांच्या सोयऱ्यांची. गुरुजी गावात फिरून आले. दुकानदार किशनराव म्हणाले, "भावकीच्या कागदात मला वढू नका." सोडून गेलेल्यांपैकी दोघे म्हणाले, मंडळीच्या कागदावर सही नको. साक्षीदार दोन नसले तर हा कागद म्हणजे नुसते चांगले अक्षर. माझी छाती धडधडू लागली. गुरुजींनी मला पाणी दिले.

मावशी उठली आणि बोळ ओलांडून गेली. भिंतीपलीकडचे सगळे ऐकू येत होते.

"बन्स्या, चल. शिमोनच्या कागदाला माणूस पाहिजे."

"मंडळीच्या कागदाला मी? येडी झालीस का मावशी?"

"मंडळीच्या न्हाई रं. माझ्या घराच्या."

बन्सीधर आला. उंबऱ्याबाहेर उभा राहिला. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही, पण मी सगळा कागद त्याच्या हातात दिला. तो उभ्यानेच, ओळीवर बोट ठेवून वाचत गेला. तिसऱ्या कलमाशी बोट थांबले. तेथे मी दाराचे लिहिले आहे. त्याला खोडता आले असते. खोडले नाही.

"इतकी वर्सं मला वाटायचं," तो म्हणाला, "पावसात तुला ऐकूच गेलं नसंल."

"ऐकू आलं होतं."

गुरुजी खाली बघत होते. ते त्या दिवशी माझ्या मागेच बसले होते.

मग तो सहाव्या कलमापर्यंत आला.

"माझं नाव लिहिलंस? न इचारता?"

"तू बोलत नव्हतास."

मी त्याला नियम सांगितला. त्याने साक्ष घातली तर सहावे कलम पडते, एक ब्रशसुद्धा त्याला मिळत नाही. मी सांगितले की घाई नाही, आणि ते खोटे होते, घाई होती. गुरुजी म्हणाले, "बन्सीधर, नीट इचार कर. तुला धंदा लागायलाय."

"मावशी डहाळा बांधताना इचार करत बसली असती तर मी आज इथं नसतो, गुरुजी," असे म्हणून तो उंबरा ओलांडून आत आला व माझ्यासमोर मांडी घालून बसला. "पेन दे."

"कलम सहा खोडू का?" मी विचारले.

"र्‍हाऊ दे तसंच. आता ध्यान देऊन ऐक. तू मेलास तर मला काय बी भेटत न्हाई. म्हंजे तुला परत यावंच लागंल. आल्यावर जिवंतपणी दे, कागद नको. आन् चौदा एप्रिलच्या आत ये. जयंतीची पाटी अजून वघळलेलीच हाय, लोक हसायलेत."

"टर्पेंटाइन जास्त झालं होतं."

"वाचलं. झाकणावर लिवलंय म्हणं."

बाहेरून मावशी म्हणाली, "झालं का? चहा गार व्हायलाय."

म्हणून सहावे कलम वर तसेच ठेवले आहे. ते कायद्याने पडलेले आहे हे मला व बन्सीधरला, दोघांनाही समजले आहे.

हा कागद मी गुरुजी व बन्सीधर या दोघांना मोठ्याने वाचून दाखविला. खाडाखोड नाही. दोघांच्या देखत मी सही केली आणि माझ्या देखत त्यांनी केली. सही चालू असताना चतुराबाई यांना मुद्दाम पडवीत बसविले होते. त्यांचा अंगठा या कागदास लागलेला नाही.

मुक्काम सोनखडी, ता. पाथरी, जि. परभणी
रविवार, दिनांक १२ फेब्रुवारी १९८९

सही
शिमोन सटवाजी खंदारे

साक्षीदार पहिला: आश्रुबा रामजी साळवे, निवृत्त शिक्षक, राहणार सोनखडी.

साक्षीदार दुसरा: बन्सीधर सिताराम ढवळे, राहणार सोनखडी, शिमोनच्या घराच्या पूर्वेस. कलम तीन वाचले. कलम सहा वाचले. एप्रिलमध्ये पाटी दोघं रंगवणार.