कामचीचा कार्यक्रम रद्द होऊ नये म्हणून

मी, सायराकान, जुमाशची मुलगी, कै. मुकाशची बायको, वय वर्षे एकोणसत्तर, नाटकगृहाच्या कपडेखात्यातली निवृत्त कटर, राहणार बिश्केक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. स्वादुपिंड शाबूत नाही, पण सही त्याला करायची नाही. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही, उलट माझी मुलगी बेगाइम समोर बसून "आपा, हे आत्ताच कशाला?" म्हणून माझं डोकं खाते आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. तोंडी काही बोलले असेन, विशेषतः दिराच्या मुलाच्या लग्नात, तर ते रागाच्या भरात बोलले, ते रद्द समजावं.

१. माझा राहता फ्लॅट, चौथा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर व बाल्कनी, माझ्या पश्चात सर्व हक्कांसह बेगाइमला मिळावा. बाल्कनीचं दार ओढायचं नाही, थोडं उचलून लावायचं. दिराच्या मुलांनी यात हक्क सांगू नये. मुकाश आजारी असताना ती मंडळी एकदाच उगवली, आणि साखरेच्या रोग्यासाठी काय आणलं, तर कलिंगड. एवढं मोठं की जिना चढताना दोघांनी धरलं होतं.

२. बँकेत जे काही आहे त्यातून माझं क्रियाकर्म व्हावं, उरेल ते बेगाइमचं. घोडा कापायचा नाही. मेंढी पुरे. लोक नावं ठेवतील, ठेवू देत, मला थोडंच ऐकू येणार आहे! बोरसोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, मात्र घरी तळावेत. बाजारातून आणलेल्या बोरसोकवर माझ्या नावाने दुवा मागितली, तर ती मला पोचणार नाही.

३. शिवणयंत्र व मोठी कात्री कपडेखात्यात माझ्यामागून आलेल्या मुलींना द्यावी. कात्री कापडालाच लावायची. कागद कापताना कोणी दिसली तर मी असेन तिथून येऊन तिचा हात धरीन.

४. आता मुख्य बाब, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप. कामचिबेक, ज्याला सगळं शहर कामची म्हणतं आणि आम्ही बाइके, म्हणजे दादा, म्हणतो, तो गायक.

मी त्याला पहिल्यांदा ऐकलं ते कापड गिरणीच्या क्लबात. मी चोवीस वर्षांची होते. विजेची गिटार गळ्यात अडकवून तो असा काही ओरडला, की क्लबची व्यवस्थापक बाई दिवे घालवायला धावली. तिने दिवे घालवले, तरी तो गातच राहिला. दुसऱ्या दिवशी मी तंबूच्या जाड कापडाची पँट शिवून त्याला नेऊन दिली, कारण त्याची गुडघ्यावर फाटलेली होती, आणि ती फॅशन म्हणून नव्हे. तेव्हापासून त्याचे स्टेजवरचे कपडे मीच शिवत आले. लोक एजे, म्हणजे ताई, अशी हाक मारून विचारतात, "सायराकान एजे, काही होतं का हो तुमच्यात?" काही नव्हतं. मुकाश प्रत्येक कार्यक्रमाला माझ्याबरोबर यायचा आणि पहिल्या दोन गाण्यांत झोपायचा. त्या गोंगाटात झोपणाऱ्या माणसाला सोडून कोण जाईल?

वाईट वर्षं आली तेव्हा कामची बाजारात चिनी चपला विकायचा आणि शनिवारी लग्नांत गायचा. आम्ही, म्हणजे त्याचे चाहते, न बोलावता त्या लग्नांना जायचो. नवरीकडचे समजायचे आम्ही नवऱ्याकडचे. जेवूनही यायचो.

तो सत्तर वर्षांचा झाला तेव्हा आमच्यातला सागिन, निवृत्त ट्रॉलीबस चालक आणि स्वतःच स्वतःला नेमलेला अध्यक्ष, म्हणाला, "बाइकेला स्टेजवर चापान घालायचा. मखमलीचा लांब झगा, सोनेरी नक्षीचा. माणूस सत्तरीचा झाला, मान नको द्यायला?" मी म्हटलं, "अरे, चापान आजोबांना घालतात. ह्याने जन्मभर चामड्याचं जाकीट घातलंय." "तू शीव गं, अक्कल नको शिकवू," म्हणाला. सगळ्यांनी हात वर केले. मी शिवला. शिवला म्हणजे असा शिवला की राष्ट्राध्यक्षांनाही मिळणार नाही.

कार्यक्रमात शेवटच्या गाण्याआधी सागिनने तो त्याच्या अंगावर चढवला. लांब बाह्या बोटांच्याही खाली आल्या. त्याने गिटार धरायचा प्रयत्न केला, बोटं तारांपर्यंत पोचेनात. गिटार खाली ठेवून, हात छातीवर बांधून त्याने ते गाणं नुसतं म्हटलं, वाकून नमस्कार केला आणि आत गेला. आम्ही वेड्यासारख्या टाळ्या वाजवल्या. आठवड्याभरात त्याने पुढचे सगळे कार्यक्रम रद्द केले.

मी त्याच्या घरी गेले. पिशवीत कात्री होतीच, ती नेहमी असते.

"ये, सायराकान. चहा घे."

"चहा राहू दे. बाइके, कार्यक्रम का रद्द केलेत?"

"तुम्हीच निरोप दिलात, आणि मलाच विचारतेस?"

"कोणी दिला निरोप?"

"चापान कोणी शिवला?" तो खुंटीकडे बोट दाखवत म्हणाला. "माझ्या बापाला गावाने चापान घातला, त्या दिवसापासून त्याला कोणी घोड्याला हात लावू दिला नाही. त्योरवर, घरातल्या सगळ्यात मानाच्या जागी, नेऊन बसवलं. त्योरवर बसवलेल्याला कोणी गा म्हणत नाही, खा म्हणतं." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "खरं सांग. आवाज गेलाय ना माझा?"

मला खोटं बोलता आलं असतं. "वरचा गेलाय," मी म्हटलं. "खालचा आहे."

"मग लोक काय माझी कीव करायला येतात?"

"बाइके, माझे गुडघे गेले. सागिनचे दात गेले. आम्ही कोणत्या तोंडाने तुमच्याकडे नवा गळा मागणार? तुम्ही उभे राहून गाता तेवढा वेळ आम्हाला वाटतं, अजून सगळं संपलेलं नाही. तुम्ही बसलात तर आम्हाला आडवंच व्हावं लागेल."

मी चापान खुंटीवरून काढला, टेबलावर पसरला आणि दोन्ही बाह्या कोपराशी कापल्या. खालचा घेर कमरेशी कापला. "अगं, अगं!" म्हणत तो उठला. "मानाचं वस्त्र आहे ते!" "माझं शिवण आहे," मी म्हटलं, "घाला आता." त्याने घातला. गिटार गळ्यात अडकवली. हात थेट तारांवर गेला. आरशात बघून तो इतका हसला की ठसका लागून खाली बसला. मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी गाईन, असं त्याने मला तिथेच कबूल केलं.

५. कापलेल्या दोन बाह्या सागिनला द्याव्यात. "मानाच्या वस्त्राला कात्री! बाई आहेस की खाटीक?" असं म्हणून तेव्हापासून त्याने माझ्याशी अबोला धरला आहे. बाह्या समोवारवर घालायला चांगल्या आहेत, चहा गरम राहतो. तो माणूस वाईट नाही. नुसता हट्टी आहे, आणि ट्रॉलीबससुद्धा तशीच चालवायचा.

६. मृत्युपत्रात खोटं लिहू नये म्हणून बेगाइमचं म्हणणंही इथे नोंदवते. ती म्हणते, "आपा, मागच्या वेळी तो ओळ विसरला. मागची पोरं मोबाईलवर शूटिंग करून खिदळत होती. मला तिथून उठून जावंसं वाटलं. एवढं प्रेम आहे ना तुमचं? मग बसू द्या की त्याला घरी सुखाने."

ती चूक बोलत नाही. मलाही त्या पोरांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली होती. पण तो ओळ विसरला तेव्हा ती अख्ख्या सभागृहाने म्हटली. तो माईकपासून मागे सरला आणि ऐकत राहिला. तेव्हाचं त्याचं तोंड मी पहिल्या रांगेतून पाहिलं आहे. बेगाइम मागे बसली होती, तिला दिसलं नाही.

७. मेच्या त्या शनिवारपर्यंत मी असेन याची डॉक्टर खात्री देत नाहीत. मी आधी गेले तर कामची चाळीस दिवसांचा शोक पाळणार, कार्यक्रम रद्द करणार, आणि एकदा रद्द केला की पुन्हा कधीच उभा राहणार नाही. मी त्याला ओळखते. म्हणून: माझ्या मृत्यूची बातमी त्याला कार्यक्रम संपेपर्यंत देऊ नये. पहिल्या रांगेतली डाव्या टोकाची माझी खुर्ची मी बेगाइमला देते. पहिल्या गाण्याआधी तो तिकडे बघतो. तिने माझा पिवळा रुमाल डोक्याला बांधून बसावं. चष्म्याशिवाय त्याला रुमालच दिसतो, तोंड दिसत नाही.

(कलम ७ मधील "म्हणून" नंतरची बातमी लपवण्याची व रुमालाची अट खोडली आहे. सही: सायराकान. कारण पुढे.)

८. वरचं लिहून होतंय तोवर साक्षीदार म्हणून शेजारच्या झिनैदा पाव्लोव्ना आल्या. औषधाच्या दुकानात जन्म गेला, पण पोटात काही ठरत नाही बाईच्या. माझं दुखणं त्यांनी सकाळीच कामचीला सांगून टाकलं होतं. त्या टेबलाशी बसतात न बसतात तोच फोन वाजला.

"सायराकान, मला सगळं कळलं. कार्यक्रम पुढे ढकलू. तुला बरं वाटलं की करू."

"बाइके, मला बरं वाटणार नाहीये."

तो म्हणाला, "मग मी नाही गात. कोणासाठी गाऊ? तू तिथे नसशील, आणि मी टणाटणा उड्या मारू? लाज वाटेल मला."

"लाज वाटू दे, पण गा," मी म्हटलं. पुढे मला बोलवेना. हेही लिहून ठेवते. चार माणसांना पुरेल इतकी मी बोलते, पण त्या वेळी बोलता आलं नाही.

बेगाइमने माझ्या हातून फोन घेतला.

"बाइके, मी बेगाइम, तिची मुलगी. तुम्ही आता घरी बसावं म्हणणाऱ्यांतली मी. आपाला विचारा, तिने तसं कागदावरही लिहून ठेवलंय. पण पहिल्या रांगेतली खुर्ची तिने माझ्या नावावर केलीय. तिला जमलं तर मी तिला धरून आणीन. नाही जमलं तर एकटी येईन. तिला माती देऊन आल्यावर मी घरात भिंतीकडे बघत बसू का? मला कुठेतरी जायला हवं ना, बाइके? जिथे सगळे तिला ओळखतात अशा जागी? दुसरी कुठली जागा आहे मला?"

ती बराच वेळ ऐकत राहिली. मग फोन ठेवला आणि डोळे पुसले.

"काय म्हणाला?"

"आधी रडला," बेगाइम म्हणाली. "मग मलाच ओरडला. म्हणाला, सरावाला उशीर होतोय, ठेव फोन."

सबब बातमी लपवण्याची गरज उरलेली नाही. बाकी सर्व कलमं कायम. अंमलबजावणी बेगाइमने करावी.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, खालील दोघांसमोर सही केलं, आणि त्या दोघांनी माझ्यासमोर.

सही: सायराकान, जुमाशची मुलगी

साक्षीदार:
१. झिनैदा पाव्लोव्ना, शेजारी
२. ओरोझाली, तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त शिक्षक

स्थळ: बिश्केक, माझं स्वयंपाकघर
दिनांक: ११ एप्रिल २०२५