खाडीची कालवं आणि माझी किट-निवड

६ जानेवारी
किळस. खाडीत ट्रॉलरचं डिझेल सांडलं तेव्हापासून तिथली कालवं कोणी घेत नाही. ती खडकावरून काढून विकणारी गुणवंती आज टोपली घेऊन थेट आमच्या प्राणिशास्त्र विभागात आली. म्हणे, माझी कालवं बिघडली का नाय, ते तुमच्या यंत्रात बघून सांगा. टोपली माझ्या टेबलावर. पाणी फाइलींवर.
विभागप्रमुख म्हणून शब्द दिला. मी मनावर घेतलं की होतंच.

७ जानेवारी
किट निवडल्या. सहकारी डॉ. ऋजुता (वय कमी, मतं जास्त) म्हणाली, प्रथिनं मोजायला बीसीए किट घेऊ. कालवं घोटायच्या आपल्या द्रावणात डिटर्जंट आहे, दुसऱ्या ब्रॅडफर्ड किटला ते चालत नाही. पण ब्रॅडफर्ड दहा मिनिटांत होतं. बीसीए अर्धा तास उबवत बसा. मी कोंबडी आहे का? ब्रॅडफर्ड.
डीएनए तुटलाय का ते बघायला कॉमेट किट. तुटलेल्या डीएनएला धूमकेतूसारखी शेपूट दिसते. माहितीपत्रकावरचा फोटो देखणा. यावर एकमत, फक्त म्हणाली, पेशी जिवंत हव्यात, कालवं ताजीच फोडायची. बघू.

१६ जानेवारी
किट आल्या. गुणवंतीने ताजी कालवं आणून दिली. पहिलंच कालव फोडलं तर करड्या शेंबडासारखं काहीतरी मनगटावर. शी! चहासुद्धा घशाखाली उतरेना. सगळी कालवं डीप फ्रीजरमध्ये टाकली. गोठली की वास मरतो. याला नियोजन म्हणतात.

२० जानेवारी, सकाळ
ब्रॅडफर्ड. प्रथिन असलं की निळं होतं; सगळ्या नळ्या निळ्याशार. जिच्यात कालव घातलंच नव्हतं तीही निळी. ऋजुताने डिटर्जंटची बाटली माझ्यासमोर आणून ठेवली. तिचं बाटली ठेवणंही उद्धट असतं. किटचा माल हलका, दुसरं काय.

त्याच दिवशी, दुपार
कॉमेट! पेशीपेशीला लांबलचक शेपूट. भयंकर नुकसान. शोध लागला! ऋजुता म्हणे, तुलनेसाठी आणलेली बुरोंडी गावच्या स्वच्छ पाण्यातली कालवंही त्याच फ्रीजरमध्ये आहेत, ती आधी बघू. मत्सर. गुणवंतीला तडक फोन केला : बिघडलीत. तिने फोनच ठेवला. शास्त्राचा धाक असतो.

२२ जानेवारी
बुरोंडीच्या कालवांनाही तेवढ्याच शेपट्या. म्हणजे बुरोंडीही दूषित! ऋजुता म्हणाली, नाही सर, गोठून पेशी फुटल्या. नुकसान आपणच केलंय. 'आपण' म्हणाली, एवढी तरी सभ्यता.
बाजारात बातमी पसरलीय. गुणवंतीचा धंदा पार बसला. रात्री सुरमईसुद्धा गिळवेना.

३ फेब्रुवारी
ऋजुताने बीसीए मागवून, ताजी कालवं फोडून सगळं पुन्हा केलं. प्रथिनं नीट मोजली गेली, शेपट्या जवळजवळ नाहीतच. तिने तेलाच्या तपासणीला मुंबईला पाठवलेला नमुनाही स्वच्छ आला. माझ्या मार्गदर्शनाचं फळ. उद्या बाजारात मी स्वतः जाहीर करणार.

४ फेब्रुवारी
जाहीर केलं. गिऱ्हाइकं लांबूनच बघत राहिली. गुणवंती म्हणाली, "बिघडली म्हणालात तुमीच, बरी म्हणताय तुमीच. आता एक खाऊन दाखवा." तव्यावरचं कालव पानावर घालून पुढे केलं. मी तोंडाजवळ नेलं. ते थुलथुलत होतं. रुमाल तोंडावर धरून मागे फिरलो. ते बघून जवळ आलेली दोन माणसंही निघून गेली.
ऋजुताने पान उचललं. खाल्लं. आणखी मागितलं. मग एक बाई पुढे आली, तिच्यामागे दुसरी. गर्दीच झाली.
लोकांना पद्धत समजावावी म्हणून मी तोंड उघडलं. गुणवंती म्हणाली, "मास्तर, जरा बाजूला व्हा. गिऱ्हाईक येऊ दे."
झालो.