चुलीच्या मातीतला कापूस

आबा, गारखेड्याच्या घरावरचे सिमेंटचे पत्रे आता काढायचे आहेत. आमचे मालक वारल्यावर मी मुलाबाळांसह तुमच्याच घरात राहायला आले, तेव्हापासून तेच पत्रे डोक्यावर आहेत. सून म्हणाली, नुसते फोडायचे नाहीत, आधी तपासून घ्यायचे. म्हणून परवा तपासणी करणारी मुलगी आली. तोंडाला मास्क लावून तिनं पत्र्याचा कोपरा पाण्यानं भिजवला, मग टवका काढून पिशवीत बंद केला. यात ॲस्बेस्टॉसचे, म्हणजे दगडाचे बारीक तंतू असतात, डोळ्यांना दिसत नाहीत, श्वासातून छातीत जातात आणि तिथंच राहतात, असं तिनं सांगितलं. मी हाताला येईल ते वाचते, हेही कुठंतरी वाचलं होतं. पण ते आपल्या घराबद्दल असेल असं वाटलं नव्हतं. घरात कुणी पत्र्यांच्या कारखान्यात होतं का, त्यांचे कपडे कोण धुवायचं, असं तिनं विचारलं. मी तुमचं सांगितलं. आई कपडे अंगणात झटकून मग धुवायची, तेही सांगितलं. आणि सांगता सांगता चूल आठवली.

विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर बंद होतं, त्या दिवशी तुम्ही चिकलठाण्याच्या कारखान्यातून चालत घरी आलात. डब्याच्या पिशवीत पांढरा, कापसासारखा पुंजका. आई म्हणते, "सोनं आणल्यावानी लपवून काय आणलं वो?" तुम्ही हसता. "तुझी चूल लई तडकती ना? मातीत कालव अन् बघ." मी पुंजक्याला हात घातला, तर तुम्ही माझ्या हातावर फटका मारलात. "त्याला हात लावायचा नाय." एरवी तुम्ही कधी मारलं नाहीत. आई मात्र कोपरापर्यंत हात घालून ती माती मळत होती आणि तुम्ही शेजारी बसून चहा पीत होतात. ती चूल कधीच तडकली नाही. गल्लीतल्या बायका बघायला यायच्या.

पुढं आईला दम लागायला लागला. टीबीची औषधं दिली, उपयोग झाला नाही. तपासणीवाली मुलगी म्हणते, चुलीचा धूर असेल, कपड्यांची धूळ असेल, ती मातीही असेल. आता नेमकं सांगता येत नाही. मला तर काहीच उमगत नाही. तेवढा तुमचा फटका आठवतो. पुंजका सांडून वाया जाईल म्हणून मारलंत, की कारखान्यात कुणी काही सांगितलं होतं? सांगितलं असेल तर मला अडवलंत, मग आईला का नाही? आणि ठाऊक असतं तर तुम्ही तरी रोज तिथं गेला असतात का? पण गेला नसतात तर आम्ही खाल्लं काय असतं? इथवर येते आणि परत पहिल्यापासून सुरू करते.

ती चूल मोडून मागच्या अंगणात भरावाला टाकली होती. तिथं आता नातवंडं खेळतात. ती जागा मी त्या मुलीला दाखवली. निघताना चपला घालत तिनं सहज विचारलं, "आजी, तुमच्या वडिलांना माहीत होतं का हो, हे वाईट असतं ते?"

मी लगेच "नाही" म्हणाले. इतक्या ठामपणे, की तिनं पुन्हा विचारलं नाही. आबा, हे तुम्हाला पोचणार नाही, म्हणूनच लिहिते. मला माहीत नाही.