सतराव्या पानाची दुरुस्ती

झाडगाव, रत्नागिरी. रविवार, ता. २१ नोव्हेंबर १९३७.

या वहीत आठ महिने अक्षर उमटले नाही, त्याबद्दल क्षमा असावी. आज लिहितो ते रोजनिशी म्हणून नव्हे, मृत्युपत्र म्हणून.

मी, दिनकर बल्लाळ सोवनी, बी. ए., वय ४६, धंदा शिक्षकाचा. डॉक्टरांनी छाती तपासून मान हलवली आहे; डोके ठिकाणावर आहे. कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. पूर्वी एकदा तसे लिहिले. दडपण म्हणावे, तर समोरचे गृहस्थ नुसते हसले होते.

१. राहते घर व मागील आंब्याची सात झाडे पत्नी सौ. कमळा हिला. विहिरीचा रहाट बदलावा असे ती दहा वर्षे म्हणत आहे. तिचेच बरोबर होते.

२. पुस्तके वाचनालयाला. चुलतबंधूंनी नेलेला शब्दकोश परत मागू नये. मीही तो कोणाकडून तरी आणला होता. कोणाकडून, ते आठवत नाही.

३. हरिश्चंद्रशेठांच्या आमरसाच्या कारखान्याचा इतिहास मी १९३५ साली रौप्यमहोत्सवासाठी लिहिला. पहिल्या हंगामात मुंबईस पोचेपर्यंत डबे फुगत. कथलाने झाळून बंद केलेले डबे पुन्हा पाण्यात उकळावेत ही युक्ती शेठजींची, असे पान १७ वर छापले आहे. ते खोटे आहे. युक्ती आंबे सोलणाऱ्या येसूबाईंची. मी आधी तसेच लिहिले होते. शेठजी हसून म्हणाले, "मास्तर, बाईच्या अकलेवर कारखाना चालला असं छापणार काय?" मी ओळ बदलली. का बदलली, याचे उत्तर अजून सापडलेले नाही.

येसूबाईंना वाचता येत नाही. पुस्तक घेऊन त्या घरी आल्या. "माजं नाव कुठं हाय वो, मास्तर?" मी शेठजींच्या नावावर बोट ठेवले. दर दसऱ्याला ते पान उघडून त्या तिथे झेंडूचे फूल ठेवतात.

सबब, माझ्या पश्चात कमळेने पान १७ दुरुस्त छापून पुस्तक गेलेल्या प्रत्येक वाचनालयास पाठवावे ~~व येसूबाईंना वाचून दाखवावे~~.

खोडलेल्या शब्दांचा खुलासा: कारखान्यात डबे झाळणारे, येसूबाईंचे शेजारी लवू यांना साक्षीसाठी बोलावले होते. वरील मजकूर ऐकून त्यांनी टाक खाली ठेवला.

"तुमी मराल कधी नि म्हातारी ऐकेल कधी? ती सत्तरीची."

मी म्हणालो, मृत्युपत्राची रीतच तशी असते.

"रीत ठेवा बाजूला. तिची सून दमयंती परवाच्या बोटीनं येत्येय मुंबईहून. ती वाचते. म्हातारी पयलं पुस्तकच काढून देईल तिच्या हातात."

मी कमळेकडे पाहिले.

"वैनींच्या गळ्यात कशाला बांधता? बोट तुमी ठेवलंत. ते तेवढं खोडा, मग करतो सही."

खोडले. खोडाखोड मान्य. दि. ब. सो.

सही: दिनकर बल्लाळ सोवनी
साक्ष: लवू भागोजी पावसकर
साक्ष: सदू बाबू शिवलकर, शेजारी

उद्या: शाळेपूर्वी येसूबाईंकडे जाणे.