फाट्यावरची माणसं धरून किती किलोमीटर

मंगळवार, संध्याकाळ

अंधार पडताना जंगलातल्या फाट्यावर किती माणसं उभी असतील? मला खरंच सांगता येत नाही, आणि विजेची गाडी घ्यायचं नेमकं त्याच्यावर अडलं होतं.

आईच्या उपचारांसाठी दर मंगळवारी चामोर्शीहून चंद्रपूर, जाऊन-येऊन दीडशेच्या वर. शोरूमवाला म्हणतो, एका चार्जिंगमध्ये दोनशे जाते. मी कागदावर सगळं मांडलं, उन्हाळ्यातला एसीसुद्धा धरला; जेमतेम पुरत होतं. बाबांनी कागद पाहिला. "यात फाट्यावरचे लोकं कुठी हायेत?"

वाघाचा रस्ता. तिन्हीसांजेला फाट्यावर कुणी दिसलं की बाबा त्याला गाडीत घेतात आणि आत त्याच्या गावापर्यंत सोडतात. मागच्या मंगळवारी एका म्हातारीसाठी अठरा किलोमीटर वाढले. मी मनातून चिडले होते. वळून पाहिलं, तर थकलेल्या आईनं म्हातारीची पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतलेली. घरातली पहिली पदवीधर मी, आणि कागदावर माणसंच धरली नाहीत?

ते अठरा किलोमीटर आठवडाभर डोक्यात होते. शेवटी वाटेवरच्या मूल गावातल्या मावशीला फोन केला, तिच्याकडे गाडी चार्ज करता येईल का विचारलं. ती हसली. "लाव ना माह्या अंगणात बोर्ड. गाडी जेवते तवरक तुमीबी जेवा."

आज चंद्रपूरला गाडी बुक केली. परतताना मूलला थांबून, मावशीच्या तुळशीजवळ चार्जिंगचा बोर्ड बसवून घेतला.